सौरपंपाचा अर्ज भरण्यापूर्वी

खंडेराव मार्केटात मेथीची जुडी घेताना आपण दोन रुपयांसाठी भाजीवालीशी घासाघीस करतो. जुडीत बी आहे, खत आहे, मजुरी आहे, टेम्पोचे भाडे आहे, हे सगळ्यांना समजते. पाण्याचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः पालेभाजी म्हणजे दहा भागांतले नऊ भाग पाणीच. पादरा, वाघोडिया, डभोई, सावली या बाजूंनी भाजी शहरात येते. तिचे पाणी कोणीतरी कष्टाने उपसलेले असते. पूर्वी ते कोसाने, म्हणजे आपल्या मोटेने, निघत असे. मग डिझेलचे इंजिन आले, विजेची मोटार आली, आणि गेली काही वर्षे शेताच्या कोपऱ्यात काळ्यानिळ्या काचेची पॅनेल उभी दिसू लागली आहेत. उन्हावर चालणारा हा पंप सरकार अनुदान देऊन शेतकऱ्याच्या बांधावर आणून देते. त्या अनुदानाविषयी, आणि अनुदानाच्या कागदात जे लिहिलेले नसते त्याविषयी, या पानावर चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

शेतीच्या पाण्यासाठी सरकारी पैसा ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. खंडेराव मार्केटची इमारत सयाजीराव महाराजांनी आपल्या कारभाराच्या २५ वर्षांनिमित्त १९०६ साली बांधली आणि तिला पूर्वीच्या खंडेराव महाराजांचे नाव दिले. आज तिथे महानगरपालिकेची कचेरी आहे. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातले. १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांच्या राज्यात विहीर खणायला, बैल घ्यायला तगाई मिळे. तगाई म्हणजे कर्ज. ते फेडावे लागे, म्हणून घेणारा माणूस विहिरीची जागा दहादा बघून घेई. अनुदान फेडावे लागत नाही. म्हणूनच की काय, ते घेताना विचार थोडा कमी होतो.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची नोकरी बडोद्यात आणि जमीन गावाकडे, जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक अशी आहे. जमीन भाऊ कसतो. त्याचा फोन येतो, "दादा, सोलरचा फॉर्म निघालाय, भरू का?" आणि दादाला काय सांगावे ते सुचत नाही. अशा कागदांचे गठ्ठे घेऊन माणसे माझ्याकडेही येतात. तेव्हा प्रथम योजना काय आहे ते पाहू.

पैसा कोण किती देतो

केंद्र सरकारने २०१९ साली पीएम-कुसुम ही योजना मंजूर केली. तिचे तीन भाग आहेत. अ भागात शेतजमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचे लहान वीजप्रकल्प येतात. ब भागात जिथे विजेची लाईन नाही अशा ठिकाणी स्वतंत्र सौरपंप येतो. क भागात जो पंप आधीच विजेवर आहे त्याला, किंवा गावच्या सबंध शेती फीडरलाच, सौर वीज जोडली जाते. लोक "सोलर मिळाला" म्हणतात तो बहुतेक ब भागातला पंप.

ब भागाचा ढोबळ हिशेब असा ठरला: ३० टक्के केंद्र देणार, निदान ३० टक्के राज्य देणार, उरलेले ४० टक्के शेतकऱ्याचे. त्या चाळिसातले ३० टक्क्यांपर्यंत बँकेचे कर्ज मिळू शकते, म्हणजे पदरचे १० टक्के. समजा, पंप सर्व साहित्यासह ३ लाखांचा आहे. केंद्राचे ९० हजार, राज्याचे ९० हजार, बँकेचे ९० हजार, शेतकऱ्याचे ३० हजार. यात बँकेचे ९० हजार हे अनुदान नव्हे, हे कागद पुढे करणारा माणूस हळू आवाजात सांगतो. दुसरे असे की, केंद्राची टक्केवारी सरकारने ठरवलेल्या किमतीवर किंवा टेंडरच्या किमतीवर, जी कमी असेल तिच्यावर, धरली जाते. आणि ती ७.५ एचपीपर्यंतच. साध्या प्रदेशात त्याहून मोठा पंप हवा असेल तर वरचा खर्च आपला.

महाराष्ट्राने यावर आणखी भर घातली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला आहे. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ एचपी, अडीच ते पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे ७.५ एचपी असे माप आहे. पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पाण्याचा शाश्वत स्रोत, म्हणजे विहीर, बोअर, नदी, नाला किंवा शेततळे हवे, आणि पूर्वीच्या सौरपंप योजनेतून लाभ घेतलेला नसावा. काम महावितरणकडे आहे.

गुजरातेत ही कामे वीज कंपन्यांमार्फत चालतात. आपल्या मध्य गुजरातची वीज कंपनी बडोद्यातच, रेसकोर्सवर सरदार पटेल विद्युत भवनात आहे. कुसुमची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली होती. पुढील टप्प्याचे नियम आणि टक्केवारी अर्जाच्या दिवशी तिथेच विचारून घ्यावी, चहाच्या टपरीवर नव्हे.

सरकार एकर मोजते, विहीर फूट मोजते

आता खरी गोष्ट. पंप किती एचपीचा ते जमिनीवरून ठरवणे कारकुनाला सोयीचे आहे. पण पाणी किती निघेल ते जमीन ठरवीत नाही. ते किती खोलीवरून उचलायचे, त्यावर ठरते. याला पंपवाले हेड म्हणतात. विहिरीत पाणी ज्या पातळीला आहे ती खोली, पंप चालू झाल्यावर पातळी आणखी जितकी खाली जाते ती, पाइपातले घर्षण, आणि वर ठिबक किंवा तुषार असेल तर त्याला लागणारा दाब, या सगळ्यांची बेरीज म्हणजे हेड. ठिबकला साधारण १० मीटर उंचीइतका दाब लागतो, तुषारला २० ते २५ मीटरइतका. शेतकरी बहुधा पहिलीच गोष्ट मोजतो आणि बाकीच्या विसरतो.

केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सौरपंपांसाठी जी मानके घालून दिली आहेत ती प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावी अशी आहेत. डीसी मोटारीच्या पंपाने, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, पॅनेलच्या दर वॅटमागे १० मीटर हेड असेल तर १०० लिटर पाणी द्यावे. ३० मीटरला ३५ लिटर. ५० मीटरला २१. ७० मीटरला १४. आणि १०० मीटरला साडेनऊ. एसी मोटारीचा आकडा याहून थोडा कमी. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३,००० वॅटची पॅनेल असतात. म्हणजे तोच पंप १०० फुटांवरून दिवसाला सुमारे १ लाख ५ हजार लिटर पाणी काढील, १६५ फुटांवरून ६३ हजार, २३० फुटांवरून ४२ हजार, आणि ३३० फुटांवरून जेमतेम साडेअठ्ठावीस हजार. पंप तोच, अनुदान तेच, ऊन तेच.

हे पाणी किती रानाला पुरेल? एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर. पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर लागते असे धरले तर एकराला २० हजार लिटर झाले. तेव्हा १०० फुटांवरच्या शेतकऱ्याचे पाच एकर भिजतील, १६५ फुटांवरच्याचे तीन, २३० वाल्याचे दोन. हा हिशेब ठिबकचा. पाटाने पाणी दिले तर त्यातले पुष्कळ वाटेतच जिरते, आणि उन्हाळ्यात केळीसारख्या पिकाला पाचाहून जास्त मिलिमीटर लागते. सबब ज्याची विहीर खोल आहे त्याने अडीच एकराला ३ एचपी मिळाला म्हणून आनंद मानू नये. आधी दोरीला दगड बांधून विहीर मोजावी. ती एप्रिल-मेमध्ये मोजावी. दिवाळीला मोजलेली विहीर सगळ्यांनाच फसवते.

ठिबकशिवाय सौरपंप घेणे हे मला तरी अर्धवट काम वाटते. उन्हाच्या पंपाचा जोर सकाळी कमी, दुपारी जास्त, संध्याकाळी पुन्हा कमी. पाटाच्या पाण्याला सारखा जोर लागतो, नाहीतर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. ठिबक असेल, किंवा मध्ये शेततळे वा टाकी असेल, तर हा चढउतार सोसतो. गुजरातेत ठिबकच्या अनुदानाचे काम गुजरात ग्रीन रेव्होल्युशन कंपनी पाहते, आणि तिची कचेरी आपल्या फर्टिलायझरनगरात आहे. दोन्ही अर्ज एकाच वेळी करावेत.

रात्रीचे दारे धरणे

सौरपंपाचा सर्वांत मोठा फायदा पैशाचा नाही, झोपेचा आहे. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेत शेतीची लाईन गावच्या लाईनपासून वेगळी केली आणि शेतीला आठ तास वीज ठरवली. पण ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. महाराष्ट्रातही तेच. रात्री दोनला लाईट येते, माणूस बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. ओला बांध, अंधार, पायांत चप्पल. मण्यार रात्रीच हिंडते, आणि तिच्या दंशाची खूण पुष्कळदा नीट दिसतही नाही. जुन्नरकडे बिबट्याचे भय वेगळे. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावून किती माणसे गेली, ते गावोगावचे लोक सांगतील. गुजरातने ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू केली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच.

जाता जाता सांगून ठेवतो. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात लगेच न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दिवसाच्या पाण्याचा एक तोटाही आहे. सौरपंप जोरात चालतो तो दहा ते तीन या वेळात, आणि उन्हाळ्यात माणसाने रानात नसावे तेही याच वेळात. ठिबकचे व्हॉल्व्ह सकाळीच लावून ठेवावेत आणि दुपारी सावलीत बसावे. चक्कर, उलटी, अंग तापून घाम बंद होणे ही उष्माघाताची लक्षणे. त्या माणसाला सावलीत नेऊन ओल्या फडक्याने पुसत दवाखान्यात न्यावे.

ज्याची वीज आहे त्याने घाई का करू नये

महाराष्ट्राने २०२४ मध्ये ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले, ते मार्च २०२९ पर्यंत. गुजरातेत शेतीची वीज आधीपासूनच स्वस्त. मग ज्याच्याकडे चालू कनेक्शन आहे त्याला स्वतंत्र सौरपंपाचे काय अगत्य? त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. यात सबंध फीडरच सौर प्रकल्पाला जोडतात. शेतकऱ्याच्या रानात काही उभे करावे लागत नाही, जुनीच मोटार दिवसा चालते. उपकेंद्राजवळची पडीक जमीन कोणी प्रकल्पाला भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढीने, असा भाव ठरलेला आहे. तेव्हा आपला फीडर या यादीत आहे का, ते महावितरणच्या कचेरीत आधी विचारावे.

ज्याच्याकडे लाईनच नाही आणि जो डिझेल जाळतो, त्याची गोष्ट अगदी वेगळी. ५ एचपीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. दिवसाला सहा तास, वर्षाला शंभर दिवस चालवले तर ६०० लिटर झाले. त्याला सौरपंप जरूर घ्यावा असेच मी सांगेन. त्याच्या घराची खरी सुटका आहे ती. धुराने खोकणारी पोरे आणि इंजिनाचे हँडल मारून आखडलेला खांदा, याही त्यात आल्याच.

बंद पॅनेल आणि ढुंडीचे शेतकरी

आता एक गोष्ट अशी, जिचा विचार अनुदान ठरवणाऱ्यांनीही उशिरा केला. सौरपंप वर्षातून साधारण दीडशे दिवस चालतो. पेरणी, कापणी, पावसाळा या काळात पाणी लागत नाही. ऊन मात्र पडतच असते. म्हणजे दोनशे दिवस लाखांची पॅनेल नुसती तापत उभी. ३ किलोवॉटची पॅनेल चांगल्या दिवशी १२ ते १५ युनिट वीज देतात. ती कुठे जाते? कुठेच नाही.

बडोद्याहून फार लांब नाही, डाकोर ज्या ठासरा तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, खेडा जिल्ह्यात, ढुंडी नावाचे गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापली. आणंदला कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यांना मदत केली. त्याआधी २०१५ मध्ये आणंद जिल्ह्यातल्या थामणा गावी एका शेतकऱ्यावर हा प्रयोग झाला होता. पंपातून उरलेली १,५०० युनिट वीज लाईनला दिल्याबद्दल त्याच्या हाती ७,५०० रुपये आले. ढुंडीत हेच सहा जणांनी एकत्र केले. सहा पंपांची मिळून ५६.४ किलोवॉटची पॅनेल एका ठिकाणी मीटरला जोडली आणि मध्य गुजरातच्या वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्याच्यावर संस्थेने प्रयोगापुरता अडीच रुपयांचा बोनस दिला: सव्वा रुपया हरित विजेबद्दल आणि सव्वा रुपया पाणी वाचवल्याबद्दल. बदल्यात शेतकऱ्यांनी त्या काळात स्वस्त शेती कनेक्शन न मागण्याचे कबूल केले. मग जुन्यांचे पाहून आणखी तिघे आले.

यातली मेख ध्यानात घ्यावी. पूर्वी या माणसांना उपसलेले पाणी फुकट वाटत होते, कारण ऊन फुकट. आता पंप चालू ठेवला की विकायची वीज तितकी कमी. म्हणजे प्रत्येक ताशी पाण्याला किंमत आली, आणि ती किंमत सरकारने वसूल केलेली नव्हे तर शेतकऱ्याने स्वतःच्या खिशात टाकलेली. गरजेपुरते पाणी घ्यावे, उरलेली वीज विकावी, हे त्यांना कुणी भाषण करून शिकवले नाही. शेजाऱ्यांना ते पाणीही देत, आणि डिझेलवाल्यांपेक्षा स्वस्त देत.

वर आपण दोनशे रिकामे दिवस धरले. ४ रुपये ६३ पैशांनी ३ किलोवॉटच्या पॅनेलची ती वीज ११ ते १४ हजार रुपयांची होते. लहान शेतकऱ्याला ही रक्कम थोडी नाही. गुजरात सरकारने २०१८ मध्ये याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना काढली. शेतकऱ्याने ५ टक्के भरावे आणि पहिली सात वर्षे युनिटला ७ रुपये मिळावेत असा बेत होता. पथदर्शी फीडरांपलीकडे ती फारशी गेली नाही, आणि नंतर कुसुमचा क भाग पुढे आला. माझे स्पष्ट मत असे आहे की, लाईन जवळ असताना वीज परत घेण्याची सोय न ठेवता नुसता पंप वाटणे म्हणजे शेतकऱ्याला अर्धेच औत देणे होय.

लाईन लांब असेल तर निदान एक करावे. कुसुममध्ये युनिव्हर्सल कंट्रोलर मिळण्याची तरतूद आहे. त्याने पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की असली यंत्रे चालतात. थोडा खर्च जास्त येतो. पण ज्याच्या दारी चार म्हशी आहेत त्याने तो अर्जातच विचारून घ्यावा.

मेहसाण्याचा धडा

बडोदे संस्थानाच्या कडी प्रांतात, म्हणजे आजच्या मेहसाणा भागात, विहिरींना एके काळी मोट लागत असे. पुढे विजेच्या मोटारी आल्या, बोअर आले, आणि पाणी शेकडो फूट खाली गेले. खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड वाढले. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि म्हाताऱ्यांच्या सांध्यांचा ताठरपणा ही त्याची निशाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे असा दंडक आहे. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते तसे वाढते. शेतातल्या बोअरचे पाणी घरात पीत असाल तर ते एकदा तपासून घ्यावे.

सौरपंपाला बिल नाही, लाईटची वाट बघणे नाही, सूर्य मावळेपर्यंत तो थांबत नाही. ज्या भागात आज पाणी शंभर फुटांवर आहे तिथे असे पाचशे पंप बसले आणि सारेच पाटाने पाणी देऊ लागले तर मेहसाणा व्हायला वेळ लागणार नाही. याची जाणीव सरकारला आहे. म्हणून कुसुमच्या नियमांत अतिउपसा झालेल्या भागात नव्या विहिरीला सौरपंप नाही, आणि तिथला जुना डिझेल पंप बदलायचा तर ठिबक किंवा तुषार असलाच पाहिजे, अशी अट आहे. गावाने मिळून ही अट स्वतःवर घालून घेतली तर अधिक बरे.

फसवणूक आणि देखभाल

कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या आहेत. नोंदणीचे म्हणून पाच-सहा हजार मागतात, पावतीवर सिंहाचे चित्रही असते. मंत्रालयाने याबद्दल पुन्हापुन्हा इशारा दिला आहे. मोबाइलवर आलेल्या दुव्यावर पैसे भरू नयेत. मंत्रालयाचा विनामूल्य फोन १८००-१८०-३३३३ आहे; तिथे विचारावे. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हिस्सा महावितरणच्याच पोर्टलवर भरायचा असतो, एजंटाच्या हातात नव्हे. ७/१२ चा उतारा, आधार, बँकेचे पासबुक यांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत. सामाईक विहीर असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच करून ठेवावे. भावाभावांत पुष्कळ अर्ज इथेच अडतात.

महाराष्ट्रात पुरवठादार कंपनी यादीतून शेतकऱ्याने निवडायची असते. कंपनीच्या नावापेक्षा तिचा माणूस आपल्या तालुक्यात राहतो का, ते पाहावे. पॅनेलची हमी २५ वर्षांची, पंपाची ५ वर्षांची. सहाव्या वर्षी मोटार जळाली तर खर्च आपला. तेव्हा दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकावेत.

पॅनेल धुळीने माखले की पाणी कमी होते. आठवड्यातून एकदा, तीही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावीत. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर पांढरे डाग धरतात. पावसाचे साठवलेले वापरावे. आणि हे घरातल्या पोरांना नीट समजावून सांगावे: विजेची मोटार बटण बंद केली की थांबते, पण पॅनेलमधली वीज ऊन आहे तोवर बंद होत नाही. वायर कुरतडलेली दिसली तर दिवसा हात लावू नये. अर्थिंग आणि वीजरोधक बसवल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. चोरी झाली तर लगेच पोलिसांत फिर्याद द्यावी. तिच्या प्रतीशिवाय विम्याचा दावा अडतो.

पंप बसवणारी माणसे एका दिवसात काम उरकतात, फोटो काढतात आणि सहीसाठी मोबाइल पुढे करतात. सही करण्याआधी स्वच्छ उन्हात, दुपारी बाराच्या सुमारास, २०० लिटरचे पिंप पाइपाखाली ठेवावे आणि घड्याळ लावावे. ३ एचपीचा पंप आणि १६५ फूट हेड असेल तर ते दीड मिनिटाच्या आसपास भरले पाहिजे. तीन मिनिटे लागली तर त्यांना चहा पाजावा, पण सही देऊ नये.